साथीच्या काळात नातवंडं आजी-आजोबांकडे ठेवायची का? आधी आजार कोणता ते बघा

खारघरमधल्या कितीतरी घरांचं गणित सारखंच आहे. आई-बाबा सकाळी हार्बर लाइन पकडून मुंबईकडे निघतात, मूल शाळेत किंवा पाळणाघरात जातं आणि संध्याकाळपर्यंतची जबाबदारी आजी-आजोबांवर असते. काहींचे आजी-आजोबा शेजारच्या सेक्टरमध्येच राहतात, तर काहींचे साताऱ्याहून किंवा रत्नागिरीहून चार-चार महिने येऊन राहतात.

मार्च २०२० मध्ये हे गणित कोलमडलं. शाळा, पाळणाघरं बंद झाली. पण नर्स, बँकेतले, पालिकेतले कर्मचारी यांना कामावर जावंच लागत होतं. १५ जून २०२० पासून लोकल सुरू झाली तीही फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. गावी असलेल्या आजीला बोलवायचं तर जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता. ती अट सुटली २ सप्टेंबरला.

केंद्र सरकारचा सल्ला होता, की ६५ वर्षांवरच्यांनी आणि १० वर्षांखालच्यांनी घरातच थांबावं. पण दोघांनी एकाच घरात थांबायचं का? आणि त्याच घरातलं कुणी रोज मुंबईला जाऊन येत असेल तर? याचं उत्तर ज्याचं त्याने शोधलं. स्वित्झर्लंडमध्ये एप्रिल २०२० मध्ये आरोग्य अधिकाऱ्यांनी सांगितलं, की आजी-आजोबांनी लहान नातवंडांना थोडा वेळ जवळ घ्यायला हरकत नाही, पण दिवसभर सांभाळणं टाळा. ज्या आईला कामावर जायचंय, तिच्या हा सल्ला कितपत उपयोगाचा, हा प्रश्नच आहे.

खरा मुद्दा असा, की मूल आजीकडे जातं तेव्हा एकटं जात नाही. आई-बाबांचं ऑफिस आणि लोकलचा डबाही त्याच्यासोबत जातो. म्हणजे दोन घरांचं एक घर होतं. त्या घरात जास्त धोका कुणाला, हे मात्र आजारावर ठरतं.

फ्लू आणि कोविडमध्ये धोका आजी-आजोबांना जास्त, त्यातही मधुमेह, हृदयविकार किंवा दमा असेल तर. लक्षणं दिसण्याआधीच संसर्ग पसरू शकतो, त्यामुळे 'ताप नाही म्हणजे ठीक' हा हिशोब चालत नाही. फ्लूबाबत जपानचं उदाहरण बोलकं आहे. तिथे १९६० च्या दशकात शाळकरी मुलांना फ्लूची लस देणं सुरू झालं आणि हिवाळ्यातले मृत्यू घटले, त्यात मुख्यतः वृद्धांचे. १९९४ नंतर ही मोहीम थांबली आणि मृत्यू पुन्हा वाढले. लस नातवाला, फायदा आजोबांना!

गोवरात उलटं. आज साठी ओलांडलेल्या बहुतेकांना लहानपणीच गोवर होऊन गेलाय, त्यामुळे त्यांना पुन्हा होण्याची भीती फार कमी. धोका बाळाला, कारण पहिला नियमित डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळतो. २०२२ मध्ये मुंबईत गोवर पसरला तेव्हा हेच दिसलं.

डांग्या खोकला आणि क्षयरोगात तर मोठ्यांकडून बाळाला लागण होते. आजोबांचा खोकला दोन आठवडे हटत नसेल तर आधी त्यांची तपासणी. नागीण झालेल्या आजीकडून, कांजिण्या न झालेल्या बाळाला कांजिण्या होऊ शकतात. फोड झाकून ठेवायचे आणि खपल्या धरेपर्यंत बाळ दुसऱ्याकडे द्यायचं.

मग करायचं काय? डॉक्टरांना विचारून आजी-आजोबांना दरवर्षी फ्लूची लस द्या. मुलांचे राहिलेले डोस पूर्ण करा. खिडक्या उघड्या ठेवा, उष्टं एकमेकांना देऊ नका. बाहेर जाणाऱ्याला सर्दी असेल तर त्याने घरातही मास्क लावावा.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे, मूल तापाने फणफणलं की त्याला आजीकडे सोडायचं नाही, आई-बाबांपैकी एकाने रजा घ्यायची. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. मूल आजारी पडलं की पहिला फोन आजीलाच जातो. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. खासगी नोकरीत ते कंपनीवर अवलंबून. त्यामुळे कुणाची रजा कधी, हे साथ येण्याआधीच घरात बोलून घ्या. त्या बोलण्यात आजीलाही बसवा. तिला झेपतंय का, हे बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही.