रुग्णवाहिका-सेवकांची कौशल्ये : शिक्षण व उपयोग

१९६६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा अपघातविषयक अहवाल निघाला, तेव्हा तेथील सुमारे निम्मी रुग्णवाहिका-सेवा अंत्यविधीच्या व्यावसायिकांकडे होती. रुग्णास आडवे नेता येईल असे वाहन, हीच त्यांची पात्रता! पुढे सेवकांना रीतसर शिक्षण मिळू लागले. तथापि एखादे कौशल्य नित्य वापरले जाते म्हणून ते उपयुक्तच, असे अनुमान काढणे आम्हांस धोक्याचे वाटते. मणक्याच्या दुखापतीच्या नुसत्या संशयावरून रुग्णास कठीण फळीवर जखडणे हा कित्येक दशकांचा परिपाठ होता. २०१३ साली तेथील तज्ज्ञ-संस्थांनीच त्यास मर्यादा घालण्याचे सुचविले. उलट, रक्तस्राव थांबविण्यासाठी हातापायांवर आवळावयाचा पट्टा अखेरचा उपाय म्हणून मागे पडला होता. इराक व अफगाणिस्तानातील युद्धांत त्याने सैनिक वाचविले, आणि तो नागरी रुग्णवाहिकेत परतला.