थंडी उसनं घेते, ऊन कायमचं नेतं

हिवाळा आला की एक प्रश्न मला हमखास येतो: "इलेक्ट्रिक गाडीची रेंज पडली, म्हणजे बॅटरी गेली का?" आजचा भाग त्यावरच. पण आधी थोडं मागे जाऊ.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पेट्रोलची गाडी सुरू करायला पुढून हँडल मारावं लागायचं. थंडीत ऑइल घट्ट व्हायचं, हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. विजेच्या गाडीला ही कटकटच नव्हती. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' चालवायच्या! १९११ पासून या गाडीत एडिसनची निकेल-लोखंडाची बॅटरी घेता येत असे. दणकट, वर्षानुवर्षं टिकणारी. पण गारठ्यात मात्र ढेपाळायची. म्हणजे तेव्हाही थंडीतली सुस्ती आणि बॅटरीचं आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पुढे १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा सेल्फ-स्टार्टर आला, हँडल गेलं, आणि विजेच्या गाडीची मोठी जमेची बाजूही गेली.

आता थेट नॉर्वेला येऊ. १९८९ मध्ये 'आ-हा' या पॉप बँडमधले कलाकार आणि पर्यावरण कार्यकर्ते फ्रेडरिक हाउगे यांनी विजेवर चालणारी केलेली एक फियाट पांडा देशात आणली आणि टोल भरायला चक्क नकार दिला. दंड झाले, गाडी जप्त झाली. पण १९९० मध्ये अशा गाड्यांवरचा खरेदी-कर माफ झाला, १९९७ मध्ये टोलही. आज तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांमध्ये बहुसंख्य इलेक्ट्रिक आहेत, आणि तेही कडाक्याच्या थंडीत.

मग तिथली माणसं रेंजचं काय करतात? पेट्रोलचं इंजिन निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता म्हणून वाया घालवतं, त्यातूनच हीटर फुकटात चालतो. इलेक्ट्रिक गाडीला ती ऊब बॅटरीतून विकत घ्यावी लागते. म्हणून निघायच्या आधी, चार्जर लावलेला असतानाच गाडी गरम करायची. सीट आणि स्टिअरिंगचे हीटर वापरायचे, ते कमी खातात. आणि गोठलेल्या बॅटरीवर फास्ट चार्जिंगची घाई करायची नाही: शून्याखाली जोरात चार्ज केलं तर आत लिथियम धातूचा थर बसतो, आणि हे नुकसान भरून येत नाही. म्हणूनच गाडी स्वतःहून चार्जिंग हळू करते. तिच्यावर वैतागू नका. एवढं सांभाळलं, तर हवा तापली की गेलेली रेंज परत येते.

उन्हाचं तसं नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात निस्सान लीफच्या मालकांना दिसलं, की बॅटरीची क्षमता अपेक्षेपेक्षा फार लवकर घटतेय. त्या गाडीत बॅटरी थंड ठेवणारी द्रव-यंत्रणा नव्हती. कंपनीला पुढे क्षमतेचीही वॉरंटी द्यावी लागली.

म्हणून डिसेंबरात रेंज कमी दिसली म्हणून कोणी चांगली गाडी पडेल भावात विकू नये. आपल्या विदर्भ-मराठवाड्यात जपायचा महिना मे! सावलीत लावा, आणि शंभर टक्के भरून उन्हात दिवसेंदिवस उभी ठेवू नका.

पुढच्या भागात भेटूच. तोवर प्रश्न पाठवत राहा.