घरच्या कामाची मजुरी

वऱ्हाडचा इतिहास लिहिणारे खामगावपाशी आले की कापसावर थांबतात. ते बरोबरच आहे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. पुढे 1870 साली जलंबपासून खामगावपर्यंत आठेक मैलांचा रेल्वेफाटा टाकला, तर त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एवढी त्या बाजाराची पत.

आमचं गाव याच तालुक्यातलं. कापूस विकून आले की बाबा लाल वहीत सगळं मांडायचे. क्विंटल किती, अडत किती, हमाली किती, तोलाई किती. आईच्या कामाला मात्र वही नव्हती. उन्हाळाभर ती पापड लाटायची, कुरड्या घालायची, मुंगवड्या तोडायची. घरचे, पाहुणे, नणंदा, शेजारपाजार सगळे खायचे अन् म्हणायचे, "हाताले चव हाये हो बाईच्या." हिशेब तेवढ्यावर मिटायचा.

1993 आणि 1994 ही लागोपाठ दोन वर्षं आमचा कापूस हातचा गेला. सोसायटीचं कर्ज थकलं, किराणावाला उधारी देईना. तेव्हा आईनं ठरवलं की पापड विकायचे. बाबा काही बोलले नाहीत. आजी बोलली, "लोक काय म्हणतीन? पाटलाच्या घरचे पापड बाजारात?" आई म्हणाली, "लोक पापड म्हणतीन, दुसरं काय म्हणतीन."

आता आठवतं ते हे, की तिनं लगेच सुरुवात केली नाही. आधी एक किलोचे पापड करून वीस घरांत चार-चार वाटले आणि दुसऱ्या दिवशी विचारत फिरली. तिघीचौघींनी खार जास्त झाला म्हणून सांगितलं, एकीनं मिरे जाड राहिले म्हटलं. आईनं दोन्ही मनावर घेतलं. मग पायातल्या तोरड्या खामगावच्या सराफाकडे गहाण ठेवल्या. आमच्या खामगावची चांदी शुद्धतेसाठी लांबवर नावाजलेली. त्या तोरड्यांवर सातशे रुपये मिळाले. त्यातून वीस किलो उडदाची डाळ, पापडखार, हिंग, मिरे, पिशव्या आणि एक तराजू. पोळपाट-लाटणी घरचीच, वाळवणाला जुनी लुगडी घरचीच.

मी तेव्हा आठवीत. शाळेतून आले की लाट्या करायच्या, पापड उलटायचे, रात्री पिशव्या बांधायच्या. आईला अक्षरओळख कमी, म्हणून वही माझ्याकडे आली. कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर मी लिहिलं होतं: एक किलोमागे डाळ 18 रुपये, दळण दीड, खार-हिंग-मिरे-मीठ 5, तेल दीड, पिशवी 1. बेरीज 27. विकायचा भाव 30. नफा 3. आई खूश झाली. मीही झाले.

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी शेजारच्या काकू निंदणाहून परत येताना ओट्यावर टेकल्या. दिवसाची मजुरी पंधरा रुपये मिळाली म्हणाल्या. त्या गेल्यावर आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पाय बरं वहीत, म्या आज किती कमावले?"

मी पाहिलं. दिवसभरात दोन किलो पापड. सहा रुपये.

"म्हणजे निंदाले गेली असती तर बरं होतं," ती म्हणाली. "अन् तू लाट्या केल्या, त्या कायच्यात धरल्या?"

कशातच धरल्या नव्हत्या. त्या सहा रुपयांत आम्ही दोघी होतो.

दुसऱ्या दिवशी भाव 36 झाला. चार गिऱ्हाइकं तुटली. "अवं, घरचंच तर हाये, त्याचे एवढे पैसे?" असं म्हणणाऱ्यांत सख्खी आत्या होती. सहा महिने ती आमच्याकडे आली नाही. आईला त्याचं वाईट वाटलं, पण भाव तिनं उतरवला नाही. आता किलोमागे नऊ, दिवसाला अठरा रुपये. त्यातले पंधरा ती स्वतःच्या मजुरीचे धरायची. उरलेल्या तिनासाठी वहीत एक नवीन खातं उघडलं: पोरीची मजुरी. ते पैसे दर महिन्याला पोस्टात माझ्या नावानं जायचे. उधारीचं पानच तिनं काढून टाकलं. लग्नाघरी दिलेल्या पाच किलोंचे पैसे बुडाले, तेव्हापासून.

पहिल्या पावसाळ्यात मात्र फटका बसला. श्रावणात ऊन नाही, तरी ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून दमट पापड पिशवीत भरले. तालुक्याच्या एका दुकानातून पंधरा किलो माल बुरशी आली म्हणून परत आला. आईनं तो गिऱ्हाइकाला दाखवलासुद्धा नाही, उकिरड्यावर नेऊन टाकला. त्या महिन्यात मजुरीच्या दोन्ही खात्यांवर शून्य लिहिताना माझा हात जड झाला होता. नंतर आईनं बाज अंगणातून आत घेतली, तिच्यावर पापड पसरले आणि खाली निखाऱ्याची शेगडी ठेवली.

बऱ्याच वर्षांनी बचत गटाच्या एका प्रशिक्षणात मी लिज्जतची गोष्ट ऐकली. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवसाची कमाई चार पाकिटं. छगनबापा पारेख यांनी त्यांना दोन गोष्टी बजावल्या: दर्जा ढळू द्यायचा नाही आणि हिशेब चोख ठेवायचा. पहिल्या पावसाळ्यात त्यांचंही काम चार महिने बंद पडलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह घेतला, वर पापड, खाली स्टोव्ह. मी घरी येऊन हे सांगितलं तर आई हसली. "त्यात काय नवल? बायतिणीच्या बाजीखाली शेगडी ठेवतातच. लेकरू काय अन् पापड काय, ओलं रायलं की बिघडते."

धंदा वाढला तो 2001 नंतर, गट झाल्यावर. महिला आर्थिक विकास महामंडळ 1975 सालीच स्थापन झालं होतं आणि नाबार्डनं बचत गट बँकेला जोडायला 1992 मध्ये सुरुवात केली. आमच्या गल्लीपर्यंत ते पोचायला एवढी वर्षं लागली. अकरा जणी, महिन्याला वीस-वीस रुपये. गटाच्या पहिल्या बैठकीत आईनं आपली जुनी वही दाखवली आणि एकच अट घातली. जी लाटीन तिची मजुरी आधी, नफा मागून. दोन वर्षांनी बँकेचं कर्ज मिळालं, पीठ मळायचं यंत्र आलं. तोरड्या त्याआधीच सुटल्या होत्या. पोस्टातल्या पैशांतून माझ्या डी.एड.ची फी भरली गेली.

आता काळ बदलला. अन्न परवान्याची नोंदणी करावी लागते, वेष्टनावर तारीख, वजन, घटक छापावे लागतात. 2020 साली आलेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पाच्या खर्चावर 35 टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत अनुदानाची सोय झाली. आईच्या वेळी यातलं काही नव्हतं. असतं तर तोरड्या पायातच राहिल्या असत्या.

मागच्या दिवाळीत माझ्या भाचीनं मसाले करायचं ठरवलं. अर्ज भरायला माझ्याकडे आली. मोबाइलवर सगळा तक्ता तयार होता: मिरची, धने, वीज, पॅकिंग, गाडीभाडं, हप्ता. मी वाचला आणि आईकडे दिला. आईचे डोळे आता अधू झालेत. तिनं तो दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"सगळं हाये," ती म्हणाली. "तुही मजुरी कुठी लिवली?"

भाची म्हणाली, "आजी, मी तर घरीच असतो ना."

आईनं मोबाइल तिच्या हातात परत दिला. "आधी ते लिव. मंग अर्ज भर."