जहाजाचा तळ आणि खाडीचा इतिहास

बंदरांचा इतिहास लिहिणारांनीं आजवर जहाजाच्या पोटांत काय होतें तें पाहिलें. त्याच्या तळाला काय चिकटलें होतें याकडे मात्र बहुधा दुर्लक्षच केलें. कापड किती गेलें, सोनें किती आलें, जकात कोणी घेतली, याच्या नोंदी दफ्तरांत सांपडतात. परंतु ज्या उतारूनें भाडें दिलें नाहीं, परवाना घेतला नाहीं, आणि तरीही जो बंदरांत उतरून वतनदार होऊन बसला, त्याची नोंद जकातीच्या वहींत होत नाहीं. अशाच एका परदेशी शिंपल्याची हकीकत येथें सांगावयाची आहे.

ठाकुर्ली हें गांव आज आगगाडीचें स्थानक म्हणून लोकांस ठाऊक आहे. विजेच्या गाड्यांसाठीं जी. आय. पी. रेल्वेनें १९२९ सालीं येथें वीजघर उभारलें, तेंही आतां बंद होऊन गेलें. तथापि लोहमार्गापूर्वींची येथील खरी वाट पाण्याची होती. उल्हास नदीच्या याच खाडीवर, ठाकुर्लीच्या शेजारीं, कल्याणचें प्राचीन बंदर आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचीं नांवें आहेत. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत ‘कॅलिएना’ म्हणून त्याचा उल्लेख येतो. शिवाजीमहाराजांनीं १६५७ सालीं कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठी आरमाराचा पाया याच खाड्यांच्या कांठीं घातला गेला.

लाकडी गलबतांच्या तळालाही कालवें, शिंपले चिकटतच. परंतु त्यांच्या प्रसारास दोन अडथळे होते. पहिला काळाचा: संथ प्रवासांत अनेक जीव वाटेंतच मरत. दुसरा पाण्याचा: खाऱ्या समुद्रांत वाढलेला जीव नदीमुखाच्या मचूळ पाण्यांत सहसा तग धरीत नाहीं. नदींत आंतवर वसलेल्या बंदराला निसर्गानेंच हा एक कोट बांधून दिला होता. पोलादी आगबोटी आल्या, तेव्हां पहिला अडथळा दूर झाला. तोल राखण्यासाठीं जहाजांत पूर्वीं दगड भरीत, त्यांच्या जागीं पाणी भरूं लागले; एका बंदरांत भरलेलें पाणी दुसऱ्या बंदरांत ओतलें जाऊं लागलें, आणि त्याबरोबर डोळ्यांस न दिसणारीं असंख्य पिलेंही. दुसरा अडथळा टिकून राहिला. पण ज्याला मचूळ पाणीच मानवतें, त्याला तो अडथळा कसला?

मायटिलॉप्सिस सॅली हा शिंपला असाच आहे. रेक्लूझ या फ्रेंच पंडितानें त्याचें वर्णन १८४९ सालीं केलें. त्याचें मूळ घर कॅरिबियन समुद्राच्या कांठच्या खाड्यांत. आकार फार तर इंचभर. जवळजवळ गोड्या पाण्यापासून समुद्राहून खारट पाण्यापर्यंत कोठेंही तो जगतो. सुमारें महिन्याभरांत प्रजोत्पादन करूं लागतो. आणि आपल्या धाग्यांनीं दगडाला, लाकडाला, लोखंडाला व अखेरीस आपल्याच भाईबंदांच्या पाठीला चिकटून थरावर थर रचतो. १९१४ सालीं पनामाचा कालवा सुरू झाला, तेव्हां पॅसिफिक महासागराकडील वाट जहाजांना जवळची झाली व त्यालाही झाली. १९६७ च्या सुमारास तो विशाखापट्टणमच्या बंदरांत दिसला. गणपति व त्यांचे सहकारी यांनीं १९७१ सालीं त्याचें वृत्त प्रसिद्ध केलें. पुढें १९७५ सालीं करंदे आणि मेनन यांनीं भारतीय बंदरांत नव्यानेंच येऊन राहिलेला परदेशस्थ म्हणून त्याच्यावर निबंध लिहिला. तोंपर्यंत मुंबईच्या बंदरांतही त्याचें बस्तान बसलें होतें. बंद गोदींतील संथ पाणी त्याला विशेष मानवतें, आणि तशा गोद्या तर आपण मोठ्या अभिमानानें बांधल्या होत्या.

येथें कोणी विचारील, परदेशांतून आलेलें सर्वच वाईट कसें? मिरची, काजू, बटाटा हे पदार्थही बाहेरूनच आले, आणि आज त्यांच्यावांचून आपलें स्वयंपाकघर चालत नाहीं. हा आक्षेप योग्य आहे. परंतु मिरची शेतकऱ्यानें आपल्या हातानें लावली. नको असती तर उपटून टाकतां आली असती. शिंपल्याच्या बाबतींत कोणी कोणास विचारलें नाहीं. शिवाय जहाजाच्या पोटांतून आलेला नफा एकाच्या पदरीं पडतो व तळाला चिकटून आलेलें नुकसान दुसऱ्याच्या, हा यांतील खरा अन्याय आहे.

केरळांतील अष्टमुडी सरोवराचें उदाहरण पाहावें. तेथील तिसऱ्यांच्या जातीच्या शिंपल्यांवर हजारों कुटुंबांचा चरितार्थ चाले. ती मासेमारी नीट राखलेली म्हणून २०१४ सालीं तिला मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिलचें प्रमाणपत्रही मिळालें. पुढें चार-पांच वर्षांतच मायटेला स्ट्रिगाटा हा दक्षिण अमेरिकेकडील शिंपला तेथें पसरला आणि त्यानें देशी शिंपल्यांची जागा व्यापली. कोळ्यांनीं त्याला ‘ओखी कक्का’ म्हटलें; कारण २०१७ च्या ओखी वादळानंतर तो त्यांच्या डोळ्यांत भरला. शास्त्रज्ञ जहाजांकडे बोट दाखवितात. तरीही त्या नांवाला मोल आहे. ज्यांचें नुकसान झालें त्यांनीं, स्मरणांत राहिलेल्या संकटाशीं जोडून, केलेली ती नोंद आहे.

याच्या उलट उदाहरण ऑस्ट्रेलियांतील डार्विनचें. तेथील नौकांच्या बंद धक्क्यांत १९९९ च्या मार्चमध्यें मायटिलॉप्सिस आढळला. कांहीं जागीं चौरस मीटरमागें वीस हजारांहून अधिक. तेथें सरकारनें धक्क्यांचे दरवाजे बंद ठेवले, पाण्यांत क्लोरीन व मोरचूद घातलें, बाहेर गेलेल्या शेंकडों नौकांचा माग काढून त्या तपासल्या, आणि कांहीं आठवड्यांत त्याचा समूळ उच्छेद केला. त्यापायीं आंतील इतर जीवही मेले व वीस लाख डॉलरांहून अधिक खर्च आला. परंतु हें साधलें कशामुळें? सुमारें सहा महिन्यांपूर्वीं त्याच पाण्याची पाहणी झाली होती, आणि तिच्या यादींत हा शिंपला नव्हता. जुनी यादी होती म्हणूनच नवा कोण तें कळलें.

आतां आपल्या खाडीकडे वळूं. मुंबईचें बंदर, ठाण्याची खाडी आणि उल्हास यांचें पाणी साष्टीला वळसा घालून एकमेकांस मिळतें; बंदरापासून ठाकुर्लीपर्यंत वाट अखंड आहे. येथील पाणी मचूळ आहे. पूल आहेत, धक्के आहेत. अंबरनाथ-डोंबिवलीच्या कारखान्यांच्या आणि शहरांच्या सांडपाण्यानें देशी जीव दुबळे झाले आहेत. हा परका मात्र घाणेरड्या पाण्यांतही टिकाव धरतो. घरचा माणूस खंगला कीं पाहुणा मालक होतो, हें राज्यांच्या इतिहासांत आपण अनेकदां वाचलें आहे. ठाण्याची खाडी २०२२ सालीं रामसर यादींत आली ही आनंदाची गोष्ट; परंतु यादींत खाडीचें नांव येणें निराळें आणि खाडींतील जीवांची यादी असणें निराळें.

ती यादी ठाकुर्लीच्या कांठापासून करावयास हवी. ओहोटीला चिखलांत उतरून तिसऱ्या, कालवें, निवट्या, चिंबोऱ्या वेंचणाऱ्या कोळी-आगरी स्त्रियांना कोणता शिंपला कोठें मिळे, केव्हांपासून मिळेनासा झाला, आणि अनोळखी असें काय हातीं येऊं लागलें, हें जेवढें ठाऊक आहे तेवढें कोणत्याही दफ्तरांत नाहीं. तें त्यांच्याच शब्दांत, स्थळ व साल घालून, आतां टिपून घ्यावें. पुढील पिढी खाडींत उतरेलच असा भरंवसा नाहीं. जहाजांच्या मालाचा हिशेब ठेवणारे पुष्कळ झाले. खाडीचा हिशेब लिहावयाचा तर तो या बायांना विचारूनच लिहावा लागेल.