मेलिऑइडोसिस

मेलिऑइडोसिस हा बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय या ग्राम-ऋण जीवाणूमुळे होणारा संसर्गजन्य रोग आहे. हा जीवाणू उष्ण कटिबंधातील ओलसर माती व साचलेल्या पाण्यात आढळतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १,६५,००० लोकांना हा रोग होतो व सुमारे ८९,००० मृत्युमुखी पडतात. प्रत्यक्षात नोंद होणारे रुग्ण मात्र फारच थोडे असतात.

इतिहास

आल्फ्रेड व्हिटमोर व सी. एस. कृष्णस्वामी यांनी १९११ मध्ये रंगून येथे हा रोग प्रथम ओळखला. भारतातील पहिला रुग्ण १९९१ मध्ये मुंबईतून नोंदवला गेला. पुढे कर्नाटकची किनारपट्टी, केरळ व तमिळनाडू येथूनही रुग्ण नोंदले गेले.

संसर्ग व लक्षणे

जीवाणू त्वचेवरील जखमेतून, श्वासातून किंवा दूषित पाण्यातून शरीरात शिरतो. पावसाळ्यात रुग्ण वाढतात. मधुमेह हा सर्वांत महत्त्वाचा धोक्याचा घटक आहे. ताप, न्यूमोनिया, तसेच यकृत व प्लीहेतील गळवे ही लक्षणे दिसतात. दीर्घकालीन खोकला व वजनातील घट यांमुळे तो क्षयरोग समजला जातो. परभणीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात चिखलात काम करणारा मधुमेही रुग्ण क्षयरोगाच्या औषधांना दाद देत नसल्यास या रोगाचाही विचार करणे आवश्यक ठरते.

निदान

रक्त, पू, थुंकी किंवा लघवीच्या नमुन्यात जीवाणू वाढवणे ही निदानाची प्रमाण पद्धत आहे. मात्र एका तपासणीत जीवाणू न आढळल्यास रोग नाही असे म्हणता येत नाही. म्हणून वेगवेगळे नमुने पुन्हा तपासले जातात. प्रयोगशाळेत तो स्यूडोमोनास समजून किंवा दूषितीकरण मानून दुर्लक्षिला जाण्याची शक्यता असते. ऑक्सिडेज चाचणी सकारात्मक, जेंटामायसिन व कोलिस्टिनला प्रतिरोध, परंतु को-अमॉक्सिक्लॅव्हला संवेदनशीलता, असा संच दिसल्यास संशय बळावतो. निश्चितीसाठी लॅटेक्स चाचणी किंवा पीसीआर वापरतात. संशय असल्यास प्रयोगशाळेला आधी कळवावे लागते, कारण श्वासातून कर्मचाऱ्यांना बाधा होऊ शकते.

उपचार

प्रथम किमान १० ते १४ दिवस सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम शिरेतून देतात. त्यानंतर पुनरुद्भव टाळण्यासाठी को-ट्रायमोक्साझोल किमान ३ महिने दिले जाते. नेहमीची अनेक प्रतिजैविके या जीवाणूवर निष्प्रभ ठरत असल्याने अचूक ओळखीवरच रुग्णाचे प्राण अवलंबून असतात. या रोगावर परवानाप्राप्त लस उपलब्ध नाही.