हायवेला लागून घर

परवा रात्री धाकटीचा फोन आला. "आप्पा, घर बघितलंय. हायवेला लागूनच आहे. तुम्ही एकदा नजर टाका, मग इसार देऊन टाकू." नजर टाकायला मी कशाला हवा होतो ते मला कळलं. नवरा-बायकोचं एकमत होत नव्हतं. जावयांच्या मनात घर भरलं होतं, तिच्या मनात नव्हतं, आणि म्हाताऱ्याला मध्ये घातलं की कोणालाच हरल्यासारखं वाटत नाही! असो.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आम्ही घर पाहायला गेलो. दुमजली, नवं, दोन्हीकडून हवा, पुढे चांगलं ओसरीएवढं अंगण आणि अंगणाच्या पुढे रस्ता. आता ह्याला राष्ट्रीय महामार्ग ५३ म्हणतात. आमच्या जिभेवर मात्र अजून 'सहा नंबर'च आहे. विकणारा 'हायवे टच, हायवे टच' असं इतक्या प्रेमाने म्हणत होता की देवळाला लागून घर आहे असं वाटावं. दिवाणखान्यात बसून बोलताना मला आवाज चढवावा लागला. साठ मुलांच्या वर्गात लावायचो तसा. जावयांना ते जाणवलंच नाही, त्यांना त्या आवाजाची सवय आहे. त्यांचं म्हणणं साधं होतं. रस्त्यावरचं घर कधी पडून राहत नाही. रात्री-अपरात्री दवाखाना गाठता येतो, रिक्षा मिळते, उद्या विकायचं झालं तर गिऱ्हाईक घरी येतं. "आप्पा, तुम्हीच सांगा, पूर्वीचे लोक रस्त्यावरच घर बांधत होते ना?"

प्रश्न त्यांनी सहज विचारला होता. पण ज्याने उभा जन्म मुलांना इतिहास शिकवला त्याला असा प्रश्न विचारू नये. तेव्हा ह्या लेखाचं खापर त्यांच्यावर.

पूर्वीचे लोक रस्त्यावर घर बांधत होते, हे खरंच आहे. पण रस्ता म्हणजे काय, हे खानदेशात दर शंभर-दोनशे वर्षांनी बदलत आलं आहे. सतराव्या शतकात ह्या मुलखातला मोठा रस्ता जळगावातून जात नव्हता. सुरतेहून निघालेला माल आणि माणसं नवापूर, नंदुरबार करत तापीकाठच्या थाळनेरला यायची आणि चोपड्यावरून बऱ्हाणपूर गाठायची. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो १६१५ साली सुरतेहून बऱ्हाणपूरला गेला तो नंदुरबारवरून, आणि फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निएने ह्या वाटेवरचे मुक्काम लिहून ठेवले आहेत. त्या काळी थाळनेरात रस्त्याला तोंड करून घर असणं म्हणजे केवढी चैन असेल! फारुकी सुलतानांची पहिली गादी तिथलीच. आज शिरपूर तालुक्यातल्या त्या गावी जाऊन पाहा. तापी आहे, किल्ल्याचे अवशेष आहेत, फारुकींच्या कबरी आहेत. तो रस्ता मात्र गावाला सोडून केव्हाच निघून गेला. घराला तसं निघून जाता येत नाही.

दुसरी गोष्ट धुळ्याची, आणि ती मला जास्त जवळची. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारकडे गेला. कारभार पाहायला कॅप्टन जॉन ब्रिग्ज नावाचा अधिकारी आला. त्याने १८१९ च्या सुमारास पांझरेकाठचं धुळे हे मुख्य ठाणं ठरवलं. त्याआधीच्या लुटालुटीत आणि दुष्काळात हा मुलूख उजाड झाला होता. ब्रिग्जने जुन्या गावाशेजारी सरळ रेषेत रस्ते आखून नवं धुळं मांडलं, बाहेरून व्यापारी आणि कारागीर बोलावले, घरं बांधायला सवलतीने जागा दिल्या. धुळ्याच्या गल्ल्यांना आजही नंबर आहेत. चार नंबरची गल्ली, पाच नंबरची गल्ली. नव्या माणसाला गंमत वाटते, पण पट्टीने आखलेल्या गावाची ती खूण आहे. पुढे मुंबई-आग्रा रस्ता पक्का झाला तो ह्याच गावावरून. झोडगे, धुळे, सोनगीर, नरडाणा, शिरपूर, पळासनेर असा तो सातपुडा चढून जायचा. धुळ्यात त्याचं नाव अजून आग्रा रोडच आहे.

त्या आग्रा रोडवर माझ्या मामांचं बिऱ्हाड होतं. खाली कापडाचं दुकान, वर दोन खोल्या आणि रस्त्यावर आलेली लाकडी गॅलरी. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही सगळी भावंडं त्या गॅलरीत दाटीवाटीने बसायचो. रस्त्यावर टांगे, बैलगाड्या, सायकली, बर्फाचा गोळेवाला. गाडीवान मामांच्या ओट्यावर टेकायचा, पाणी मागायचा, लुगड्याचा भाव विचारायचा. निम्मे लोक भाव विचारून निघून जायचे, त्याचं मामांना काही वाटत नसे. मामी वरून हाक मारून भाजीवाल्याला थांबवायची. मला आठवतं, त्या रस्त्यावर प्रत्येक गोष्ट थांबायची. माणूस चालीने चालणारा होता, बैल त्याहून सावकाश. म्हणून तो रस्ता घराला काहीतरी देऊन जायचा. गिऱ्हाईक, बातमी, ओळख.

जावयांना मी तिथेच म्हणालो, "तुम्ही म्हणता ते पूर्वीचे लोक ह्या रस्त्यावर घर बांधत होते." सौ. माझ्या मागे उभी होती. ती म्हणाली, "अहो, घर आत्ता घ्यायचंय. ब्रिग्जच्या काळात नाही." तिचंही बरोबर आहे. तेव्हा जळगावकडे येतो.

जळगाव वाढलं ते रेल्वेमुळे. १८६० च्या दशकात जी.आय.पी. रेल्वे चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ अशी आली आणि जिल्ह्याचं ठाणं असलेलं धुळं बाजूला पडलं. धुळ्याला चाळीसगावहून फाटा मिळाला तो १९०० साली. नेमक्या त्याच दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जळगावात १८६४ साली नगरपालिका आली, पुढच्या दशकात मूळजी जेठांची कापडगिरणी. १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले आणि जळगाव पूर्व खानदेशचं मुख्य ठिकाण झालं. नवी पेठ, पोलन पेठ, बळीराम पेठ, सगळ्या ह्या स्टेशनच्या आणि बाजाराच्या आधाराने राहिल्या. जुन्या जळगावकराला 'रस्त्यावरचं घर' म्हणजे पेठेतलं घर.

हायवे ह्या सगळ्याच्या बाहेरून गेला. महामार्गांचा कायदा १९५६ चा. त्याच्या पहिल्या यादीत धुळ्याजवळ तीन नंबरच्या महामार्गातून फुटून नागपूर, रायपूर, संबळपूरमार्गे कलकत्त्याला जाणारा सहा नंबरचा रस्ता आहे. तो जळगावसाठी आखलेला नव्हता, जळगाव वाटेत लागत होतं एवढंच. मी नोकरीला लागलो तेव्हा हायवेपलीकडे राहणारा माणूस 'गावाबाहेर' राहायचा. मग गाव हायवेपर्यंत आलं, आणि एक दिवस पाहतो तर पलीकडे! रामानंदनगर, महाबळ, शिव कॉलनी, खोटेनगर. मोठ्या रस्त्याच्या कडेने घरांची अशी माळ लागू नये म्हणून इंग्लंडात १९३५ सालीच कायदा झाला होता. आपल्याकडेही १९५५ चा मुंबई महामार्ग अधिनियम आहे. त्यात रस्त्यापासून किती अंतर सोडून बांधायचं ती इमारत रेषा आणि त्यापलीकडची नियंत्रण रेषा ठरवायची तरतूद आहे. शहराबाहेर राष्ट्रीय महामार्गाला मध्यापासून ४० मीटर आणि ७५ मीटर असा दंडक धरतात. शहराच्या हद्दीत नियम निराळे, आणि माणसांची घाई तर सगळीकडे सारखीच.

आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली, प्रभात चौक. बाहेरगावच्या नातेवाईकांना ही नुसती बस थांब्यांची नावं वाटतील. जळगावकराला प्रत्येक चौकाबरोबर एखादं माणूस आठवतं. समांतर रस्ते करा म्हणून इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं अर्ज दिले, आंदोलनं केली. स्वतःच्या गावातल्या शाळेत जायला कलकत्त्याच्या ट्रकमधून वाट काढावी लागते, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. अलीकडच्या काही वर्षांत गावातला रस्ता रुंद झाला, प्रभात चौकात आणि गुजराल पंपाजवळ भुयारी मार्ग झाले. बरं झालं. पण उशीर झाला.

हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. १९८६ च्या पावसाळ्यात माझ्या आठवीच्या वर्गातला एक मुलगा सकाळी सायकलवर शाळेला येताना हायवे ओलांडायला थांबला होता. थांबलाच होता, घाई केली नव्हती, असं पाहणारे म्हणाले. पुढच्या महिन्याचा हजेरीपट लिहिताना मी हाताच्या सवयीने त्याचं नाव लिहून गेलो. मग ते खोडलं. पटावर खाडाखोड केली म्हणून तपासणीत शेरा येईल, असा विचार त्याही वेळी मनात आला, ह्याची मला आजही लाज वाटते. त्याच्या वडिलांनी हायवेपलीकडे स्वस्तात जागा मिळाली म्हणून आदल्याच वर्षी घर बांधलं होतं.

माझा नातू आता पाचवीत आहे. शाळा हायवेच्या ह्या बाजूला, ते घर त्या बाजूला.

तरीही त्या घराला न्याय द्यायचा म्हणून मी आणखी दोन वेळा जाऊन आलो. एकदा रात्री अकराला, एकदा पहाटे पाचला. आवाजाच्या २००० सालच्या नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री अकरा वाजता त्या अंगणात उभं राहिलात तर हा नियम करणाऱ्याच्या आशावादाला नमस्कार कराल. आणि उघड्या खिडक्यांशिवाय खानदेशचा उन्हाळा काढून दाखवा! भिंतींना दोन बारीक तडे होते. शेजारी म्हणाला, ट्रकने गेले. मला तसं वाटत नाही. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आवळते, पाया उथळ असला की तडे जातात, हायवेपासून कोसभर आत सुद्धा. उगाच रस्त्यावर नको तो आरोप नको.

जावयांचा हुकमी पत्ता वळणरस्त्याचा होता. पाळधी ते तरसोद असा बाहेरून रस्ता आखला आहे. जड वाहनं तिकडून गेली की हा रस्ता शांत. ह्यावर मी बराच विचार केला, कारण मुद्दा खोटा नाही. पण धुळ्याचा आग्रा रोड मी पाहिलेला आहे. लांब पल्ल्याची वाहनं बाहेरून जाऊ लागली म्हणून तो शांत झाला नाही, तो बाजार झाला. मामांच्या वरच्या दोन खोल्या पुढे कापडाचं गोदाम झाल्या. गॅलरी पाटीसाठी काढून टाकली. ह्यात कोणाचं नुकसान झालं नाही, भाडं चांगलं येतं. फक्त तिथे कोणी राहत नाही.

म्हणजे आज ट्रक आणि उद्या दुकानं. विकणारा भाव सांगत होता तो उद्याच्या दुकानाचा, आणि माझी मुलगी त्या भावाने निजायची खोली विकत घेणार होती. मी जावयांना एवढंच विचारलं, की खाली दुकान काढायचा तुमचा विचार आहे का? असला तर घ्या, आग्रा रोडवरच्या सारखी कमाई होईल, मी माझे चार पैसे घालतो. ते हसले. म्हणाले, "आप्पा, बँकेतली नोकरी सोडून मी काय विकू?" मग बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या वडिलांची रस्त्यावरची जागा भावकीच्या वादात गेली होती आणि ती सल त्यांच्या मनात आहे, हे मला धाकटीने नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी थाळनेरचं एवढं लांबवलं नसतं.

शाळेच्याच बाजूला, हायवेपासून पाच-सहा गल्ल्या आत, दुसरं एक घर निघालं आहे. एक खोली कमी आहे, अंगण नाही, आणि जिना इतका चढाचा की माझे गुडघे वरच्या मजल्याला जन्मात भेटणार नाहीत. सातबारा, बिनशेतीचा आदेश आणि मंजूर नकाशा वकिलाकडे दिले आहेत. जावई अजून पूर्ण राजी नाहीत. रविवारी सकाळी सगळे मिळून पुन्हा जायचं ठरलं आहे. नातवाला म्हटलंय, सायकल घेऊन ये, त्या घरापासून शाळेपर्यंत तू पुढे चालव, मी मागून येतो.