तीन टिंबांसाठी वीस वर्षे

१/ बेरीज करणारे फंक्शन लिहिताना त्याला दोन आकडे मिळतील की दोनशे, हे आधी ठाऊक नसते. संगणकाच्या भाषांपुढचा हा जुनाच प्रश्न. जावास्क्रिप्ट या वेबच्या भाषेला त्याचे नेटके उत्तर मिळायला मात्र वीस वर्षे लागली. त्या विलंबाचा हा इतिहास. 🧵

२/ मे १९९५. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत या भाषेचा पहिला नमुना उभा केला. भाषेचा स्वभाव सैल होता. फंक्शनने दोन मूल्ये मागितली आणि पाच आली, तरी तक्रार नसे. आलेली सारी मूल्ये ‘आर्ग्युमेंट्स’ नावाच्या वस्तूत आपोआप जमा होत.

३/ ही वस्तू यादीसारखी दिसे. तिच्यात क्रमांक होते, लांबीही होती; पण ती खरी यादी, म्हणजे ‘ॲरे’, नव्हती. तिचा तुकडा काढायचा तर ॲरेची ‘स्लाइस’ क्रिया उसनी आणावी लागे. शिवाय तिच्यातले पहिले मूल्य बदलले, की फंक्शनचा पहिला पॅरामीटरही गुपचूप बदले.

४/ मग ती काढून का टाकली नाही? वेबवरचा कोड वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालतो. पान लिहिणारा ते कधीच विसरून गेलेला असतो; ब्राउझर मात्र नवा होत राहतो. नव्या ब्राउझरने जुनी वस्तू नाकारली, तर जुनी पाने बंद पडतील. त्यामुळे घाईत घेतलेला निर्णयही कायमचा ठरला.

५/ भाषेच्या प्रमाणाची महत्त्वाकांक्षी चौथी आवृत्ती मतभेदांमुळे २००८ मध्ये सोडून द्यावी लागली. डिसेंबर २००९ च्या पाचव्या आवृत्तीने ‘स्ट्रिक्ट मोड’ आणला आणि तो छुपा दुवा तोडला. पण केवळ जो कोड हा मोड स्वतःहून स्वीकारेल, त्याच्यापुरता.

६/ जून २०१५ मध्ये सहावी आवृत्ती आली. शेवटच्या पॅरामीटरआधी तीन टिंबे दिली, की उरलेली सर्व मूल्ये खऱ्या ॲरेत मिळू लागली. सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपीने हीच खूण वर्षभर आधी, २०१४ मध्ये, ५.६ या आवृत्तीत स्वीकारली होती.

७/ ‘आर्ग्युमेंट्स’ मात्र हटली नाही. सहाव्या आवृत्तीतल्या नव्या ‘ॲरो फंक्शन’ला ती स्वतःची म्हणून दिली गेली नाही, एवढेच. जुन्या पद्धतीच्या प्रत्येक फंक्शनमध्ये ती आजही आहे. वेबवर नवे बांधताना जुने पाडता येत नाही. त्याच्या शेजारीच जागा शोधावी लागते.